खरवडलेली ओळ

यादवराव भालशंकरांना सत्कार या प्रकाराची शिसारी होती. तरीही बहरीनमध्ये गेल्या पंधरा वर्षांत झालेल्या प्रत्येक मराठी सत्काराला ते पुढच्या तीन रांगांत बसलेले असत. सुटका नव्हती, कारण मानपत्र त्यांच्या हातचं असायचं.

ते बार्शीकडचे. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करून अठ्ठ्याहत्तर साली बहरीनला आले आणि तुबलीतल्या एका कंत्राटदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात चिकटले ते चिकटलेच. दिवसभर दुसऱ्यांच्या बंगल्यांचे संडास आणि एसीचे डक्ट काढायचे, हे काम. पण अक्षर असं, की नकाशाच्या कोपऱ्यातल्या सूचनासुद्धा माणूस वाचत उभा राहावा. एकदा ऑफिसातल्या कुणाच्या तरी निरोपाच्या कार्डावर त्यांनी चार ओळी मराठीत लिहिल्या आणि ते कार्ड शरच्चंद्रांच्या पाहण्यात आलं. शरच्चंद्र म्हणजे एका विमा कंपनीतले बडे मॅनेजर आणि ‘रसिक मराठी सभे’चे कायमचे अध्यक्ष. निवडणूक दर वर्षी व्हायची आणि दर वर्षी तेच निवडून यायचे. त्यांनी यादवरावांना स्वतःच्या गाडीतून घरी नेलं, बायकोच्या हातचा चहा पाजला आणि म्हणाले, आजपासून सभेची मानपत्रं तुमच्याकडे. त्या चहानं यादवराव हरखून गेले. साहेबांच्या घरात, साहेबांच्या कपात चहा. पुढे त्या हरखण्याचीच त्यांना लाज वाटायला लागली, पण तोवर बारा-तेरा मानपत्रं लिहून झाली होती.

त्या सत्कारांबद्दल काय सांगावं? मुंबईहून कुणीतरी यायचं. कधी गायक, कधी निवृत्त कुलगुरू, एकदा तर नुसताच एका मंत्र्याचा साडू. स्टेजवर सोफा, सोफ्यामागे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाचा बॅनर, त्यावर पाहुण्याचं नाव लहान आणि दुकानाचं मोठं. शाली तर त्याच त्या. सामान वाढतं म्हणून पाहुणे शाल हॉटेलच्या कपाटात टाकून जात आणि शरच्चंद्र ती घडी करून पुढच्याला पांघरत. तीन वेगवेगळ्या महान व्यक्तींच्या खांद्यांवर एकच शाल, तीही एकाच डागासकट, यादवरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. ज्याचा सत्कार त्याचं एक पुस्तक, एक गाणं, एक नाटक कमिटीतल्या कुणाला धड ठाऊक नसे. मग यादवरावांना फोन यायचा, की तुम्हीच काहीतरी छान लिहा. ते लिहायचे. पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि पाठ थोपटली जायची शरच्चंद्रांची.

कुणालाही ओळख करून देताना शरच्चंद्र ‘आमचे यादवराव’ एवढंच म्हणत. आडनाव कधी तोंडातून निघत नसे. यादवरावांनीही ते कधी पुढे केलं नाही. माहूजमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोला हार घालून दहा-बारा कुटुंबं जमत, खीर होई, वंदना होई. पण पडदे ओढलेले असत आणि सभेतल्या कुणाला बोलावणं नसे. ऑफिसात ‘नमस्कार’, घरात ‘जय भीम’, असं त्यांनी आयुष्याचं दोन खोल्यांत वाटप करून टाकलं होतं. मुलगी मैत्री एकदा म्हणाली, “पप्पा, व्हाय डोन्ट यू जस्ट टेल देम?” त्यांनी विषय बदलला.

शहाण्णवच्या जानेवारीत त्यांची आई, कुसुमबाई, व्हिजिट व्हिसावर आली. सदुसष्ट वर्षांची, ताठ, पांढऱ्या सुती साडीतली बाई. एकेकाळी नवऱ्याबरोबर ती ‘उजेड कलापथक’ चालवायची. पन्नास-साठच्या दशकात हे कलापथक सोलापूर-बार्शीच्या वस्त्यावस्त्यांत फिरून दारू, हुंडा, शिक्षण असल्या विषयांवर वग आणि गाणी करायचं. नवरा गेला, पेट्रोमॅक्स विकले गेले आणि कलापथक संपलं. बहरीनला आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सभेचं पत्रक घरात येऊन पडलं. त्यावर फोटो होता. कुसुमबाईनं चष्मा लावला, पत्रक लांब धरलं, मग जवळ धरलं.

“यादू, ही आपली लक्षी हाय,” ती म्हणाली.

पत्रकावर नाव होतं शर्वरीदेवी. मराठी रंगभूमी आणि पडदा तीस-पस्तीस वर्षं गाजवलेली नटी. खाली तिच्या मानसन्मानांची रांग लावली होती. राज्य सरकारचं सुवर्णपदक दोनदा, दिल्लीचा पुरस्कार, एका शहरात तिच्या नावाचं नाट्यगृह, दुसऱ्या शहरात तिच्या नावाचा रस्ता, नाट्यशाळेत तिच्या नावाची शिष्यवृत्ती. आता त्यात बहरीनची भर पडणार होती. तिच्या नावाचा करंडक, दर वर्षी मुलांच्या नाटुकल्यांसाठी. ज्या मुलांना संवाद इंग्रजी अक्षरांत लिहून द्यावे लागत आणि तरी जी ‘आई’ म्हणायच्या जागी ‘मम्मी’ म्हणून मोकळी होत, ती मुलं आता हा वारसा चालवणार होती. यादवरावांनी पत्रक वाचून टेबलावर पालथं टाकलं.

लक्षी त्यांना आठवत होती. वस्तीतलीच पोर, आई गिरणीत, बाप नाहीच. अकराव्या वर्षी ती कुसुमबाईच्या पदराला धरून कलापथकात आली आणि सहा वर्षं त्यांच्याच घरी जेवली. लहानग्या यादूच्या ताटातली भाकरी पळवायची. त्या कलापथकाचा खेळ स्टेजवर नसे, वस्तीच्या मोकळ्या जागेत असे, आणि माणसं चारी बाजूंनी बसत. कुठंही तोंड केलं तरी कुणाकडे तरी पाठ व्हायचीच. म्हणून कुसुमबाईनं पोरीला पाठमोरं उभं करून बोलायला शिकवलं. पाठ वाचता आली पाहिजे, असं ती म्हणायची. मान कुठं मोडायची, खांदा कधी उतरवायचा, हात मागं बांधून बोटांनी काय बोलायचं, हे सगळं तिनं घटवून घेतलं. एकसष्ट साली लक्षी पुण्याला गेली, नाव बदललं, आणि पुढे एका नाटकात तीन मिनिटं प्रेक्षकांकडे पाठ करून ती एक स्वगत बोलली. महाराष्ट्र वेडा झाला. समीक्षकांनी ‘पाठमोऱ्या अभिनयाची जननी’ म्हणून लेख लिहिले. तिच्या प्रत्येक मुलाखतीत तो प्रश्न असे आणि उत्तर दर वेळी एकच असे, की ते मला आपोआप सुचलं.

कुसुमबाईला याचा राग नव्हता. तिनं एवढंच विचारलं, की कागद तूच लिहिणार ना? यादवराव हो म्हणाले. मग तिनं कधी नव्हे ते मुलाकडे एक मागणी केली.

“त्यात आपल्या कलापथकाचं नाव येऊ दे. माझं बी आलं तर बरं. मेल्यावर कोन ल्हिनार हाय?”

यादवराव तीन संध्याकाळी टेबलाशी बसले. नकाशाची पारदर्शक ड्रॉइंग फिल्म, पेनाचं तिरपं कापलेलं टोक, काळी शाई. मानपत्राच्या मध्यावर त्यांनी लिहिलं: ‘पाठमोऱ्या अभिनयाचा जो ठेवा आपण मराठी रंगभूमीला दिलात, त्याचे पहिले धडे आपण उजेड कलापथकात कुसुमबाई भालशंकर यांच्या हाताखाली गिरवलेत.’ इतकं सुंदर अक्षर त्यांच्या हातून पूर्वी उतरलं नव्हतं. त्यांनी आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग ती उठली आणि पेटीतली इस्त्रीची साडी बाहेर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवली. सत्काराला अजून चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी शरच्चंद्र मानपत्र पाहायला तुबलीला ऑफिसात आले. उभ्या उभ्या वाचलं, फार सुंदर म्हणाले, मग त्या ओळीवर बोट ठेवलं आणि चेहरा असा केला की जणू जेवणात केस निघालाय. आवाज मात्र गोड होता. हे कशाला, यादवराव? बाईंना आवडेल का? त्यांनी स्वतः कधी हे सांगितलेलं नाही. स्पॉन्सर येणार, एंबसीचे लोक येणार, उगाच वेगळाच वास येतो. वास हा शब्द त्यांनी वापरला. पुढे म्हणाले की ते स्वतः असलं काही मानत नाहीत, त्यांच्या घरी सगळे येतात, यादवरावांना ठाऊकच आहे, चहासुद्धा घेतलाय त्यांनी.

पंधरा वर्षांपूर्वी पाजलेला चहा त्या माणसानं लक्षात ठेवला होता. तो उपकार होता हे यादवरावांना त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. तोंडावर काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं. काय बोलायचं तेही ठाऊक होतं. पण ते म्हणाले, “बघतो, साहेब.”

ड्राफ्ट्समन चूक खोडत नाही, खरवडतो. दाढीचं पातं फिल्मवर जवळजवळ आडवं धरायचं आणि हलक्या हातानं शाईचा थर उडवायचा. जोर जास्त झाला तर फिल्म फाटते, कमी झाला तर सावली राहते. मग ती जागा नखाच्या पाठीनं घासून गुळगुळीत करायची, म्हणजे वरती नवी शाई पसरत नाही. यादवराव या कामात इतके तरबेज होते की त्यांची खरवडलेली जागा इंजिनीअरलाही सापडत नसे. त्या दुपारी सगळे जेवायला गेले असताना त्यांनी पातं काढलं. आधी ‘भालशंकर’ गेलं, मग ‘कुसुमबाई’, मग ‘उजेड’, आणि मग स्वल्पविरामापुढचं उरलेलं सगळं. काळी पूड टेबलावर साठली ती त्यांनी फुंकर मारून उडवली. मोकळ्या जागेत त्यांनी भरलं: ‘तो आपल्या असामान्य प्रतिभेला उपजतच लाभलेला होता.’ अक्षरं जरा सुटी घेतल्यावर ओळ बरोबर भरली, तेव्हा कारागिराला होतो तसा एक बारीकसा आनंदही त्यांना झाला. त्या आनंदाची त्यांना पुढे जन्मभर किळस वाटली.

नईममधल्या मुनाफच्या दुकानात त्यांनी ते फ्रेमला दिलं. मुनाफला मराठी येत नसे, पण तो दर वेळी काचेत बसवण्याआधी कागद उजेडात धरून मनापासून तारीफ करायचा. तशीच त्यानं या वेळीही केली. घरी आईनं विचारलं, फ्रेम झाली का? झाली, असं त्यांनी सांगितलं. जास्त काही सांगितलं नाही. तिला ते कसं सांगायचं याचा विचार ते पुढचे तीन दिवस करत राहिले, म्हणजे खरं तर टाळत राहिले. एकदा त्यांना असंही वाटून गेलं की म्हातारीला हल्ली कमी ऐकू येतं, हॉलमध्ये गोंगाट असतो, तिला कळणारही नाही. माणूस किती खाली उतरतो पाहा.

सत्काराच्या संध्याकाळी बायकोची हॉस्पिटलात शिफ्ट होती. मैत्री परीक्षेच्या सबबीवर आली नाही. मनामातल्या हॉटेलच्या हॉलमध्ये यादवराव आईला घेऊन तिसऱ्या रांगेत बसले. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. बॅनर, सोफा, स्पॉन्सरच्या टीव्हीच्या मॉडेलवर दहा मिनिटं, एका बाईचं चुकीच्या पट्टीतलं स्वागतगीत. करंडकाच्या घोषणेनंतर दोन मुलांनी एक प्रवेश केला. मुलगा संवाद विसरला आणि पहिल्या रांगेतून त्याच्या आईनं तो इंग्रजीत आठवून दिला. लोक हसले, टाळ्या वाजल्या. शर्वरीदेवी सोफ्यावर बसून हे सगळं पाहत होत्या, आणि शिष्टाचार म्हणून चेहऱ्यावर जे असावं ते त्यांनी चेहऱ्यावर ठेवलं होतं. यादवरावांना त्यांचाही संताप आला. उपकार विसरलेली बाई, सगळे सन्मान खिशात घालून बसलेली. त्या संतापाचा त्यांना आधार वाटत होता.

मग मानपत्राचं वाचन झालं. शरच्चंद्रांनी स्वतः वाचलं. कुसुमबाई पुढे सरकून बसली. हात मांडीवर, मान किंचित तिरपी, चांगला कान स्टेजकडे. मध्यावर वाक्य आलं आणि गेलं. ‘उपजतच लाभलेला होता.’ ती तशीच बसून राहिली. कदाचित शेवटी येईल असं तिला वाटलं असावं. शेवटी तारीख आली आणि टाळ्या झाल्या. तिनंही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या आधी थांबवल्या.

शर्वरीदेवी आभाराला उठल्या. फ्रेम हातात घेऊन त्यांनी ती नीट पाहिली, अक्षराचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, “यात माझी सुरुवात एकसष्ट सालापासून धरली आहे. त्याआधी काय मी झोपा काढत होते?”

हॉल हसला. शरच्चंद्र सगळ्यांत मोठ्यानं हसले. शर्वरीदेवी हसल्या नाहीत. त्या थांबल्या, आणि नटीचं थांबणं असतं तसं ते थांबणं नव्हतं. त्यांची नजर रांगारांगांतून फिरली, जणू कुणीतरी उठून बोलावं म्हणून वाट पाहत होती. पाच सेकंद, सहा सेकंद. तिसऱ्या रांगेत यादवरावांनी मान खाली घालून बुटाची लेस पाहिली. शेजारी कुसुमबाईनं वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती नजर गालावर भाजल्यासारखी जाणवली.

“असो,” शर्वरीदेवी म्हणाल्या. “लिहिणाऱ्याला माहीत नसेल.”

मग त्या नेहमीच्या गोष्टींवर बोलल्या. भाषण संपताच शरच्चंद्रांनी आणि स्पॉन्सरनं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून जेवणाकडे नेलं. कुसुमबाई स्टेजच्या पायऱ्यांपाशी गेली तेव्हा तिथं नुसता बॅनर होता. यादवरावांनी विचारलं, मागून जाऊन भेटायचं का? तिनं नको म्हटलं.

गाडी माहूजच्या रस्त्याला लागली. मग तिनं समोर बघतच विचारलं.

“नाव काढलं कुनी?”

शरच्चंद्र साहेबांनी सांगितलं, यादवराव म्हणाले. स्पॉन्सर होते, एंबसीचे लोक होते.

“सांगितलं कुनी ते न्हाई इचारलं.”

“मी काढलं.”

“लक्षीला इचारलं व्हतंस?”

“नाही.”

सिग्नलला गाडी थांबली. यादवराव बोलायला लागले. ती बाई कशी, तिनं इतकी वर्षं कसं लपवलं, हे सगळे सन्मान कुणाच्या जिवावर, असं बरंच. तोंडात शब्द भराभर येत होते आणि प्रत्येक शब्द त्यांनाच खोटा लागत होता. कुसुमबाईनं हात वर केला तसे ते थांबले.

“तिचं सोड. तिला पोट भरायचं व्हतं. खरं बोलली असती तर तिला कुनी उंबऱ्याच्या आत घेतली नसती. आज निम्मं तोंड तरी उघडलं तिनं. तुझी नोकरी हाय, घर हाय, पोरगी शिकतिया. तुला कशाचं भ्या व्हतं रं?”

यादवराव उत्तर शोधू लागले. नोकरीला शरच्चंद्रांचा हात लागत नव्हता. व्हिसा कंपनीचा होता. कुणी त्यांना इथून हाकलणार नव्हतं, मारणार नव्हतं, साधी शिवीसुद्धा देणार नव्हतं. फार तर पुढच्या सत्काराला फोन आला नसता. तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची आणि ‘आमचे यादवराव’ हे दोन शब्द गेले असते. एवढ्यासाठी त्यांनी आईचं नाव पात्यानं उडवलं होतं. हे उत्तर त्यांना सापडलं, पण आईला सांगण्यासारखं नव्हतं. सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न दिला.

घरी आल्यावर तिनं साडी बदलली, घडी केली, पेटीत ठेवली. मैत्रीनं आजीला इंग्रजीतून काहीतरी विचारलं. तिनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मुलाला विचारलं की परतीचं तिकीट कधीचं आहे? अजून पाच आठवडे आहेत, ते म्हणाले.

“अलीकडचं बघ. तुझ्या घरात आता मला घास उतरायचा न्हाई.”

रागानं म्हणाली असती तर त्यांनी समजूत काढली असती. ती रागावलेली नव्हती. कमिटीच्या त्या लोकांकडे पाहताना जे यादवरावांच्या चेहऱ्यावर यायचं, तेच तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि ती ते लपवायचा प्रयत्न करत होती.

सकाळी ऑफिसला उशिरा येतो असं कळवून ते एअरलाइनच्या काउंटरवर गेले. सीट बुधवारची मिळत होती. क्लार्कनं तारीख बदलायचा फॉर्म पुढे सरकवला आणि हिंदीत म्हणाला, पॅसेंजर का पूरा नाम लिखिए. यादवरावांनी लिहिलं. कुसुमबाई भालशंकर, मोठ्या स्वच्छ इंग्रजी अक्षरांत. क्लार्क म्हणाला, आपकी हँडरायटिंग बहुत अच्छी है, आणि त्यानं त्या नावावर शिक्का मारला.